जबड्यातली प्लेट ‘मानवली नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

मोटरसायकलवरून पडून जबडा मोडतो. ऑपरेशन होतं, प्लेट आणि स्क्रू बसतात, टाके सुकतात, माणूस घरी येतो. महिनाभरानं गाल पुन्हा सुजतो, तोंडाला घाण चव येते, हिरडीजवळून पू झिरपू लागतो. घरातलं निदान ठरलेलं असतं : “याच्या अंगाला प्लेट मानवली नाही.” कुणी म्हणतं धातू हलक्या प्रतीचा असेल, कुणी म्हणतं आत गंजला असेल. मग नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, “हे आधी तपासता आलं नसतं का?”

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्या दिशेला नाही. चेहऱ्याच्या हाडांत बसवलेली प्लेट त्रास देते तेव्हा दोष धातूत क्वचितच असतो. बहुतेक वेळा मोडलेले तुकडे एकमेकांवर थोडेथोडे हलत राहिलेले असतात. ती हालचाल कुठून येते आणि ती झाली की पुढं काय काय बिघडतं, हे समजून घेतलं की बाकीच्या तक्रारींचा उलगडा व्हायला लागतो.

१. तारेपासून प्लेटपर्यंत

मोडलेला जबडा हलू द्यायचा नाही, ही समज फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेनं किंवा धाग्यानं एकमेकांना बांधायला सांगितलं आहे. विसाव्या शतकात याच रीतीची सुधारलेली आवृत्ती चालली. वरच्या आणि खालच्या दातांना तारेच्या पट्ट्या बांधायच्या आणि दोन्ही जबडे चार ते सहा आठवडे एकमेकांशी आवळून ठेवायचे. हाड जुळायचं, पण तेवढे दिवस तोंड बंद. पातळ खाणं दातांच्या फटीतून आत ओढायचं, वजन उतरायचं, तोंडाची स्वच्छता राखणं कठीण व्हायचं आणि उलटी झाली तर जिवावर बेतायची भीती.

थेट हाडावरच पट्टी बसवण्याची पद्धत हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक कार्ल हान्समान यांनी १८८६ साली मांडली. त्यांच्या पट्टीचं एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर ठेवलेले असत, कारण नंतर ते सगळं बाहेरूनच काढायचं होतं. जंतूंना हाडापर्यंत जायला त्यातून सरळ वाट मिळायची. जबड्यासाठी प्लेटा खऱ्या अर्थानं रुळल्या त्या १९६०-७० च्या दशकांत. जर्मनीत हान्स-गेओर्ग लूर आणि स्वित्झर्लंडमध्ये बेर्न्ड श्पीसल यांनी जाड प्लेटा वापरून तुकडे एकमेकांवर दाबून बसवण्याचं तंत्र आणलं. त्यासाठी बहुधा जबड्याखाली बाहेरून छेद घ्यावा लागे. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या मिशेले यांनी अगदी लहान प्लेटा तोंडाच्या आतून बसवून दाखवल्या आणि त्याच दशकात स्ट्रासबुर्गच्या माक्सिम शांपी यांनी त्या नेमक्या कुठे बसवायच्या याचं शास्त्र उभं केलं. आज आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी मिनीप्लेट साधारण एक मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे स्क्रू दोन मिलिमीटर व्यासाचे. ती या फ्रेंच कामातून आलेली आहे.

२. टायटॅनियमवर संशय का घेऊ नये

सध्याच्या बहुतेक प्लेटा टायटॅनियमच्या असतात. हवेशी संपर्क येताच या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. ओरखडा पडला तरी तो थर लगेच पुन्हा तयार होतो. शरीरातल्या खारट द्रवाची गाठ खुद्द धातूशी पडत नाही, या थराशी पडते. म्हणून टायटॅनियम लोखंडासारखं गंजत नाही.

हाड या धातूला किती जवळ करतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. रक्तप्रवाह पाहण्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी उपकरणं नंतर निघेनात, कारण हाड त्यांना घट्ट चिकटून वाढलं होतं. आजचे दातांचे इम्प्लांट याच निरीक्षणातून निघाले. टायटॅनियमची ॲलर्जी होतच नाही असं नाही, पण ती फार विरळ आहे. महिनाभरानं पू आला तर संशयाच्या यादीत तिचं नाव अगदी तळाला ठेवावं.

३. फट कुठे उघडते, कुठे मिटते

झाडाची ओली फांदी टोकाला धरून खाली ओढली तर वरची साल ताणली जाऊन फाटते आणि खालची दाबली जाऊन चुरगळते. घास चावताना खालच्या जबड्याचं असंच होतं. मोडीच्या जागी वरच्या, म्हणजे दातांकडच्या कडेला फट उघडू पाहते आणि खालची कड मिटते.

शांपी यांचं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. फट जिथे उघडते तिथे बारीकशी प्लेट धरली तरी पुरते, कारण खालची बाजू चावण्याच्या जोरानंच एकमेकांवर दाबली जाते. त्यांनी जबड्यावर अशा योग्य रेषा आखून दिल्या. सुळ्याच्या मागच्या भागात एक प्लेट पुरते. हनुवटीपाशी मात्र नुसता ताण नसतो, जबड्याचे दोन्ही अर्धे भाग पिळलेही जातात. तिथे एकाखाली एक अशा दोन प्लेटा लागतात, मध्ये चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवून.

आता उलट बाजू पाहा. तीच मिनीप्लेट फक्त खालच्या कडेला बसवली, तर प्रत्येक घासाला वर फट उघडणार. एक्स-रेमध्ये प्लेट झकास दिसेल, स्क्रू सरळ दिसतील, आणि तरीही काही आठवड्यांत ते ढिले होतील. हनुवटीजवळ दोनऐवजी एकच बसवली तरी तेच. धातू उत्तम, ऑपरेशन स्वच्छ, पण जागा चुकली की गुंतागुंतीची सुरुवात तिथेच झालेली असते.

४. हालचालीचा हिशोब

‘थोडं हललं तर काय बिघडतं?’ हे समजायला एक साधं गणित पुरतं. स्टेफान पेरेन या स्विस संशोधकांनी ते मांडलं. मोडीच्या फटीत वाढणाऱ्या पेशी किती ताणल्या जातात, हे हालचाल भागिले फट असं काढायचं.

समजा फट ५ मिलिमीटर आहे आणि तुकडे ०.१ मिलिमीटर हलतात. ताण झाला २ टक्के. आता फट ०.२ मिलिमीटर आहे आणि हालचाल तेवढीच, ०.१ मिलिमीटर. ताण झाला ५० टक्के. मोड भरताना सुरुवातीला येणारी मऊ ऊती दुप्पट ताणली गेली तरी तगते, कूर्चा साधारण १० टक्क्यांपर्यंत टिकते, पण हाड सुमारे २ टक्क्यांच्या वर बनूच शकत नाही.

पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं. तुकडे एकमेकांना अगदी चिकटवून बसवले की काम फत्ते, असंच आपण समजतो. पण जवळजवळ मिटलेल्या फटीतच हालचालीची शिक्षा सर्वांत कडक असते. म्हणून नीट जुळवलेली मोड पक्की धरावीच लागते. अर्धवट धरली तर तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. या स्थितीला डॉक्टर ‘हाड जुळलं नाही’ म्हणतात, आणि रुग्णाला बोट लावल्यावर दोन दातांमधली जागा वरखाली होताना जाणवते.

५. सैल स्क्रू आणि पू

स्क्रूचे आटे हाडात रुतलेले असतात. तुकडे हलू लागले की त्या आट्यांभोवतीचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं. स्क्रूभोवती बारीक पोकळी तयार होते आणि स्क्रू आणखी हलतो. पोकळीत द्रव साचतो. तोंडात कोट्यवधी जंतू कायम असतातच, जखमेच्या एखाद्या फटीतून ते या साचलेल्या द्रवात पोहोचतात. धातूच्या पृष्ठभागावर बसल्यावर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. रक्तातून येणारी प्रतिजैविकं आणि पांढऱ्या पेशी या थरात नीट पोहोचत नाहीत. गोळ्या चालू असेपर्यंत सूज उतरते, गोळ्या थांबल्या की परत येते. रुग्णाला वाटतं औषध लागू पडत नाही. खरं म्हणजे आतला सैल स्क्रू तिथेच असतो.

मोडीला जंतुसंसर्ग झाला की डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न हाच यायला हवा : प्लेट घट्ट आहे की हलते? घट्ट असेल आणि हाड अजून जुळायचं असेल, तर पू काढून, प्रतिजैविकं देऊन प्लेट तशीच ठेवता येते. हाड जुळल्यावर ती काढतात. कारण पू असतानाही तुकडे स्थिर असतील तर हाड जुळू शकतं. प्लेट हलत असेल तर मात्र ती ठेवण्यात काही हशील नाही. ती काढून मोड पुन्हा, बहुधा आधीपेक्षा भक्कम प्लेटनं धरावी लागते. “पू झाला म्हणून प्लेट काढून टाकली आणि बाकी काहीच केलं नाही” असं कुणी सांगितलं तर त्यापुढे मोड कशी धरली, हे जरूर विचारावं.

सैल स्क्रूमागे ऑपरेशनच्या टेबलावरचीही कारणं असतात. भोक पाडताना ड्रिल घासून तापतं. हाडाचं तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर तिथलं हाड मरू लागतं, हे १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या प्रयोगांत दिसून आलं. म्हणून ड्रिलवर सलाइनची धार धरतात आणि फार वेगानं भोक पाडत नाहीत. बोथट ड्रिल, घाई किंवा वाकडं भोक यांमुळे स्क्रू पहिल्या दिवसापासूनच कच्चा बसू शकतो. दुसरं कारण मोडीच्या रेषेतला दात. तो किडलेला किंवा हलणारा असेल तर काढलेला बरा.

आणि रुग्णाच्या बाजूनं येणारी कारणं आपल्याकडे फारच ओळखीची आहेत. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, विडी. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, टाके उसवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतरही त्याची सवय सुटत नाही असे रुग्ण असतातच. अनियंत्रित मधुमेह, रोजची दारू, बुडवलेल्या तपासण्या यांचाही यात वाटा असतो. ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांत तंबाखू पूर्ण बंद ठेवणं हा वरवरचा उपदेश नाही. तोही उपचारच आहे, आणि तो रुग्णाच्या हातात आहे.

६. जबड्याचा कोपरा : जास्त धातू, जास्त त्रास

कानाखाली जिथे जबडा वळतो तो कोपरा प्लेटच्या गुंतागुंतींसाठी सर्वांत बदनाम आहे. तिथे अक्कलदाढ असते, हाड पातळ असतं आणि चावण्याचे ताकदवान स्नायू तिथेच ओढतात. अशा मोडीला एक प्लेट पुरेल का, हा प्रश्न कुणालाही पडेल. दोन बसवल्या तर दुप्पट सुरक्षित, असंही वाटेल.

अमेरिकेत डॅलसला एडवर्ड एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपऱ्याच्या मोडी वेगवेगळ्या तऱ्हांनी बसवून त्यांचे निकाल १९९० च्या दशकात एकामागून एक प्रसिद्ध केले. दोन लहान प्लेटांपेक्षा वरच्या कडेला तोंडातून बसवलेली एकच मिनीप्लेट कमी त्रास देते, असं त्यांना आढळलं. दुसऱ्या टोकाला, बाहेरून छेद घेऊन बसवलेली एकच जाडजूड प्लेटही चांगली ठरली. मधल्या रीती मागे पडल्या.

याचं कारण असं मानलं जातं : दुसरी प्लेट बसवायला हाडावरचं आवरण आणखी सोलावं लागतं. मोडलेल्या तुकड्याला उरलासुरला रक्तपुरवठा त्याच आवरणातून होत असतो. चार जास्तीचे स्क्रू मिळवताना आपण तो तोडून बसतो. माझ्या मते जबड्याच्या शस्त्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो नातेवाइकांनीही समजून घ्यायला हवा. “डॉक्टरांनी एकच प्लेट टाकली, पैसे वाचवले” अशी तक्रार काही घरांत ऐकू येते. कोपऱ्याच्या साध्या मोडीला एक प्लेट हा पुरेसा आणि विचारपूर्वक केलेला उपचार असतो.

७. प्लेट तुटते कशी?

टायटॅनियमची प्लेट एका जोरदार घासानं सहसा तुटत नाही. ती थकते. माणूस चावताना मिनिटाला साधारण ७० वेळा जबडा मिटतो. दिवसात ४५ मिनिटं चावणं धरलं तर ७० गुणिले ४५, म्हणजे ३,१५० वेळा. तीन महिन्यांत ही संख्या २ लाख ८० हजारांच्या पुढे जाते. दर वेळी प्लेट अगदी किंचित वाकते आणि सरळ होते. हाड सहा ते आठ आठवड्यांत जुळून भार उचलू लागलं, तर प्लेटवरचा ताण उतरतो. हाड जुळलंच नाही, तर सगळा भार प्लेटवरच राहतो आणि एके दिवशी ती तुटते. म्हणजे तुटलेली प्लेट हे बहुधा कारण नसून परिणाम असतो. मोड आधीच फसलेली असते.

कुठली प्लेट निवडायची हे त्यामुळे एका प्रश्नावर ठरतं : हाड भार वाटून घेऊ शकेल का? दोन तुकडे स्वच्छ जुळत असतील तर घेईल, मग मिनीप्लेट चालते. हाडाचा चुरा झाला असेल किंवा मधला तुकडाच नसेल तर सगळा भार धातूनंच उचलायचा. तिथे जाड पुनर्रचना प्लेट आणि मोठे स्क्रू हवेत. यातली एक गोष्ट अनुभवी हातांनाही चकवते. दात पडलेल्या वृद्ध माणसाचा जबडा झिजून करंगळीएवढा बारीक झालेला असतो. बारीक हाडाला बारीक प्लेट असं मनात येतं, पण ते चूक आहे. इतक्या कमी हाडाला भार वाटून घेता येत नाही, म्हणून सर्वांत लहान हाडाला सर्वांत मोठी प्लेट लागते.

प्लेट हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवताना एकाच जागी पुढे-मागे वाकवली तरी ती तिथे कमकुवत होते. हल्ली काही ठिकाणी सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या जबड्याची प्रतिकृती छापून प्लेट ऑपरेशनच्या आधीच त्यावर बेतून ठेवतात. नव्या ‘लॉकिंग’ प्लेटांत स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत अडकतं, त्यामुळे प्लेट हाडाला तंतोतंत चिकटली नाही तरी तुकडे जागचे हलत नाहीत.

पहिले चार ते सहा आठवडे मऊ खाणं सांगतात ते या थकव्यासाठी. पेज, खिमट, आंबील, वरण-भात कुस्करून, मऊ अंडं. भाकरी, चकली, भाजलेले दाणे, मटण नंतर. दुखत नाही म्हणून हाड जुळलं असं समजू नये.

८. दात एकमेकांवर बसत नाहीत

दोन दातांमध्ये सुमारे २० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक अडथळा आला तरी माणसाला तो जाणवतो. त्यामुळे जबड्याचा तुकडा अर्धा मिलिमीटर चुकीचा बसला तरी रुग्ण म्हणतो, “माझे दात आधीसारखे लागत नाहीत.” त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

तारेनं आवळलेल्या जबड्याला एक फायदा होता. रबर बँड लावून थोडीफार चूक पुढे सुधारता येई. प्लेट चूक गोठवून टाकते. म्हणून आधी दोन्ही जबड्यांचे दात तारेनं योग्य चाव्यात बांधायचे आणि मगच प्लेट लावायची, हा क्रम पाळला जातो. बरोबर बेतलेली नसेल तर स्क्रू पिळताना प्लेटच तुकड्याला आपल्याकडे ओढून घेते. चूक पहिल्या काही दिवसांत लक्षात आली तर दुरुस्ती सोपी असते. हाड जुळल्यावर ते पुन्हा कापून सरळ करावं लागतं.

९. बधिर ओठ, दाताची मुळं

खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते आणि हनुवटीच्या बाजूला, उपदाढांच्या मुळांजवळ बाहेर येते. खालच्या ओठाला स्पर्श तिच्यामुळे कळतो. स्क्रू किंवा ड्रिलनं ती दुखावली तर ओठ बधिर होतो. मात्र पुष्कळदा ती मूळ अपघातातच दुखावलेली असते. ऑपरेशनच्या आधी ओठाला कितपत कळतं, हे तपासून कागदावर लिहून घेणं दोघांच्याही हिताचं असतं. नस तुटलेली नसेल तर बधिरपणा आठवडे-महिन्यांत ओसरतो. बाहेरून छेद घेताना चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी धोक्यात येते. ती दुखावली तर हसताना ओठाचा एक कोपरा खाली येत नाही. दाताच्या मुळांसाठी सहा मिलिमीटरसारखे आखूड स्क्रू वापरतात. सुळ्याचं मूळ सर्वांत लांब असल्यानं तिथे खास जपावं लागतं.

१०. गालाचं हाड, डोळ्याची खोबण आणि उघडी पडलेली प्लेट

गालाच्या हाडावर चावण्याचा एवढा भार नसतो, त्यामुळे तिथे प्लेट तुटणं किंवा सैल होणं कमी. तिथली तक्रार वेगळी. डोळ्याखाली आणि भुवईच्या टोकाला कातडी इतकी पातळ असते की प्लेट बोटाला लागते, कधी दिसतेही. थंडीत तिथे गार ठणका लागतो असं काही जण सांगतात. धोका नसतो, त्रास असतो.

खरी तातडी डोळ्याच्या खोबणीच्या ऑपरेशननंतर येऊ शकते. पहिल्या काही तासांत डोळ्यात तीव्र वेदना, डोळा पुढे येणं, नजर अंधुक होणं यांपैकी काहीही जाणवलं तर डोळ्यामागे रक्त साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तास मोजून चालत नाही, लगेच नर्सला बोलवावं.

प्लेट हिरडीतून किंवा कातडीतून उघडी पडणं याचं गंभीर रूप तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत जबड्याचा रोगट भाग काढून टाकावा लागणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे, आणि त्यामागे आपलं तंबाखूचं व्यसन आहे. काढलेल्या जागी नुसती पुनर्रचना प्लेट ठेवली आणि वर रेडिएशन दिलं, तर आक्रसलेली, रक्त कमी झालेली कातडी काही महिन्यांत तिच्यावर फाटते. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. जिवंत हाड आणि मऊ ऊती प्लेटभोवती असल्या की ती टिकण्याची शक्यता खूप वाढते.

११. मुलं आणि विरघळणाऱ्या प्लेटा

मुलांच्या जबड्यात पक्क्या दातांच्या कळ्या दडलेल्या असतात, स्क्रूला मोकळी जागाच कमी. शिवाय हाड वाढत असतं. कवटीचं हाड बाहेरून भरत आणि आतून झिजत वाढतं, त्यामुळे लहानपणी वर बसवलेली प्लेट वर्षांनंतर आतल्या बाजूला सरकलेली सापडते. म्हणून मुलांत जमेल तितकं प्लेटविना काम भागवतात, आणि बसवलीच तर बहुधा हाड जुळल्यावर काढतात.

विरघळणाऱ्या प्लेटा हा त्यावरचा एक उपाय. तोही निर्धोक नाही. हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला १९८० च्या दशकात पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लेटा गालाच्या हाडासाठी वापरल्या. हाडं छान जुळली. मग साधारण तीन वर्षांनी काही रुग्ण त्याच जागी सूज घेऊन परत आले. प्लेट पूर्ण विरघळली नव्हती, तिचे सूक्ष्म कण उरले होते आणि शरीर त्यांच्याशी झगडत होतं. धातू नाही म्हणजे गुंतागुंत नाही, असं समजू नये. नंतरच्या मिश्र पदार्थांच्या प्लेटा वर्षभरात बऱ्याच विरघळतात, पण त्या टायटॅनियमपेक्षा जाड असतात आणि कमी भार पेलतात.

१२. काढायची की राहू द्यायची?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या एका तज्ज्ञगटाचं मत होतं की काम संपलेली प्लेट ही परकी वस्तूच, शक्यतो काढावी. आज बहुतेक ठिकाणी टायटॅनियमची प्लेट त्रास देत नसेल तर काढत नाहीत. टायटॅनियमचे कण आजूबाजूच्या ऊतींत सापडतात, पण त्यांनी अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट काढण्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा छेद, पुन्हा नसेला धोका. मला हे आजचं धोरण पटतं. पू, उघडी पडलेली प्लेट, कवळीखाली टोचणारा स्क्रू, सहन न होणारा गार ठणका, वाढतं मूल, ही काढण्याची खरी कारणं. नुसती ‘आत धातू आहे’ ही धास्ती त्यात बसत नाही. एमआरआयला टायटॅनियम चालतं, फक्त तेवढ्या भागाचं चित्र अस्पष्ट येतं.

प्लेट काढायची वेळ आली की एक अडचण हमखास येते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याची खाच वेगळी असते आणि त्याला त्याचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. पाच-दहा वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसल्यावर तो कुठला हे कळायला मार्ग नसतो, आणि हाडात रुतलेल्या स्क्रूचं डोकं चुकीच्या हत्यारानं घासलं की ते काढणं फार अवघड होतं. म्हणून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर लावून मागा. त्यावर कंपनी, प्रकार आणि बॅच क्रमांक असतो. तो कागद आणि शेवटचा एक्स-रे आधार कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. आणि गाल पुन्हा सुजला, दात लागेनासे झाले किंवा तोंडात घाण चव आली, तर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन चार दिवस घालवू नका. ज्यांनी प्लेट बसवली त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जा.